टॉफीच्या रक्तातला सोडा

—नाही, घ्या ना रक्त, घोडा तुमच्यासमोरच उभाय, मी कुठं नको म्हणतोय? पण आधी चहा घ्या, डॉक्टरबाई. शर्यतीला अजून अवकाश आहे. बॅथर्स्टला आम्ही पाहुण्याला उभ्याउभ्या घालवत नाही— आणि तपासनीस झाला तरी पाहुणाच की.

खायचा सोडा? नाकातून नळी घालून घोड्याच्या पोटात सोडा ओतायचा? शी. या बर्ट हॅडोनं जन्मभर शर्यतीच्या गाडीचे घोडे पळवले, पण असलं— आणि तसंही, सोडा त्याच्या रक्तात असतोच. तुमच्या-माझ्याही असतो. तुम्हाला मी काय सांगणार, पण सांगतो. जोरात धावलं की अंगात आंबटपणा साठतो, पाय शिशाचे होतात. मग हा सोडा त्या आंबटाला भिडतो, त्याचं होतं पाणी नि वायू, वायू श्वासावाटे बाहेर. खर्चलेला सोडा मूत्रपिंडं पुन्हा भरतात. देवानं सगळी सोय केलीय, मी कशाला हात घालू? आणि कुणी जास्तीचा घातलाच— समजा हं, नुसतं समजा— तर तो लघवीवाटे निघून जातो, संध्याकाळी मागमूस नाही. म्हणून म्हणतो, चहा सावकाश होऊ द्या.

ती होय? पाण्याची तिसरी बादली. उकाड्यानं तहान लागते हो जनावराला. —मग मी कोट का घातलाय? मी म्हातारा, मला थंडी वाजते.

मालकीण आमची लोर्ना पिकरिंग. काल म्हणाली, आज टॉफी पहिल्या तिघांत आला नाही, तर सोमवारी खाटकाची गाडी बोलावते. मी म्हटलं, मला दे. तर म्हणाली, "बर्ट, तुला स्वतःलाच पोसता येत नाही." खरंय तिचं. पण माझी नोरीन गेली ना, त्या हिवाळ्यात मला उठावंसंच वाटायचं नाही. हा रोज सकाळी तबेल्याच्या दारावर लाथा घालायचा, दाणा मिळेपर्यंत. भुकेपोटीच, माझ्यासाठी नाही, ठाऊक आहे मला. पण उठलो. जीव आहे माझा त्याच्यावर. म्हणून मी काही केलं, असं नव्हे. नाहीच केलं.

कप खाली ठेवलात? बरं. मानेतून घेणार ना? मग उजव्या अंगानं जा, आणि डाव्या नाकपुडीला हात लावू नका, सकाळपासून दुखतीय त्याची, नळी जरा जाड—

बोलून बसलो की.

घ्या. सुई तेवढी बारीक घ्या.