दोनाचे चार

...आणि वर मलाच विचारतात, "तू कशाला हात लावलास का?" अहो, मी कशाला हात लावू? माझा हात सुईला, दोऱ्याला आणि कढईला. त्या कॉम्प्युटरच्या पोटात हात घातला तो ह्यांनी, आणि घालायला लावला माझ्या सख्ख्या भावाने, म्हणून तर माझी पंचाईत. बोलायचं कुणाला? दिराने केलं असतं तर मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या.

तुम्हाला सांगते, आमचं लुकांग गावात देवळांचं भरतकाम आहे. देवापुढच्या टेबलाला लावायचे लाल साटिनचे पडदे, झेंडे, देवीचे झगे. सासूबाई सगळं हाताने करायच्या. आता नक्षी कॉम्प्युटरवर मांडायची, ती भरतकामाच्या मशीनला द्यायची, मशीन निम्मं काम करतं आणि उरलेली निम्मी जरीची नक्षी मी हाताने बसवते. कॉम्प्युटर मागच्या हिवाळ्यात घेतला, दोन कोअरचा. म्हणजे आत हिशेब करणारी दोन डोकी. एका ड्रॅगनचे खवले भरायला तीन तास घ्यायचा, पण भरायचा. तेवढ्यात माझा स्वयंपाक व्हायचा. दोनवर काय अडलं होतं?

पण नवं वर्ष आलं. दुसऱ्या दिवशी माहेरी गेलो, सगळेच जातात, आणि तिथे माझा भाऊ जिन-फा ह्यांच्या शेजारी येऊन बसला. ताइचुंगला कॉम्प्युटरच्या दुकानात असतो तो. म्हणाला, "दाजी, तुमच्या प्रोसेसरमध्ये खरं तर चार कोअर आहेत. कारखान्यातच दोन बंद करतात आणि स्वस्तात विकतात. चार खोल्यांचं घर घेऊन तुम्ही दोन खोल्यांत राहताय."

झालं. आईने जावयासाठी म्हणून केलेला अख्खा मासा समोर, आणि हे माशाकडे बघतायत जसं काही त्याच्याही आत दोन मासे बंद करून ठेवलेत. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी कॉम्प्युटर सुरू. कुठल्याशा निळ्या यादीत एक ओळ होती, ती बदलली, आणि मला कढईवरून ओढत नेलं. "बघ. चार." लग्नात आमचे दोनाचे चार हात झाले तेव्हासुद्धा हा माणूस एवढा खुलला नव्हता हो!

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी ड्रॅगनच्या शेपटीपाशी कॉम्प्युटरचा पडदा निळा, वर पांढरी अक्षरं, आणि सगळं ठप्प. पुन्हा सुरू केला, पुन्हा शेपूट, पुन्हा ठप्प. गंमत म्हणजे नुसता बसवला तर दिवसभर बसायचा, काम सांगितलं की मान टाकायचा... असे नातेवाईक असतात ना, तसा.

लावला जिन-फाला फोन. तो म्हणाला, मेमरी असेल. मग मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या. मग म्हणाला, तापत असेल. तर ऐन थंडीत आमचा जेवणघरातला पंखा त्या कॉम्प्युटरवर, आणि आम्ही स्वेटर घालून कालवांचं आम्लेट खातोय! मग म्हणाला, व्होल्टेज थोडं वाढवा, म्हणजे दमलेल्या माणसाला चहा पाजतात तसं. पाजला. चौथ्या मिनिटाला मान टाकली. शेजारच्या आत्याने तर वर कुरकुऱ्यांची हिरवी पुडी आणून ठेवली, यंत्रांनी त्रास देऊ नये म्हणून आमच्याकडे ठेवतातच, पुडीच्या नावाचाच अर्थ 'शहाण्यासारखा वाग'. कॉम्प्युटर काही वागला नाही. मग एकेक कोअर बंद करून बघायचं ठरलं. तिसरा बंद, चौथा चालू... एक दिवस. चौथा बंद, तिसरा चालू... आणखी एक दिवस. ह्यांनी वही घातली, डॉक्टर ताप लिहितात तशी. आणि देवीच्या वाढदिवसाला देवळात द्यायचा टेबलाचा पडदा, डावीकडे एक ड्रॅगन, उजवीकडे एक, दोघंही बिनशेपटाचे वाट बघतायत. आता सांगा, दोनवर काय अडलं होतं?

शेवटी मी म्हटलंच, बंद करा ना ते दोन्ही. हे ब्रशने पंखा झाडत होते. वर न बघता म्हणाले, "ते बिघडलेले नसतात गं. गरज नव्हती म्हणून बंद केलेले असतात."

सहा वर्षांपूर्वी ह्यांना सायकलच्या भागांच्या कारखान्यातून कमी केलं. सत्तावीस वर्षांची नोकरी. हात ठीक, डोळे ठीक, फक्त तेवढी माणसं नको होती. डबा घेऊन घरी आले, डबा धुतला, आणि त्या विषयावर आजवर एक अक्षर नाही. बोलले ते आज, त्या प्रोसेसरच्या एवढ्याशा चकतीबद्दल.

मी स्वयंपाकघरात जाऊन हळूच जिन-फाला फोन केला. विचारलं, खरंच ते चांगले असतात का रे? तो म्हणाला, "ताई, कधी कधी चांगले असतात. कधी कधी बिघडलेले असतात, म्हणूनच बंद करतात. नशिबाचा भाग आहे."

"हे त्यांना सांगितलंस?"

"तेव्हा जेवायला वाढलं होतं ना... आता सांगू का?"

मी म्हटलं, नको. आता तू काहीच सांगू नकोस.

आणि तुम्हाला सांगते, चौथा बंद ठेवून तिसऱ्या कोअरवर कॉम्प्युटर चालला हो! पूर्ण दिवस निळा पडदा नाही. ह्यांनी वहीत तीनदा रेघ मारली, नक्षी मशीनला दिली, आणि मी भाजीला गेले. परत येऊन बघते तर डाव्या ड्रॅगनच्या मिशीतून बोटभर जाड जरीची रेघ निघालीय ती सरळ कडेपर्यंत. कॉम्प्युटर मान टाकत नव्हता, तर आता न सांगता चुकत होता. साटिन उसवलं की भोकं राहतात. दिवस उरले आठ.

हे पडद्यापुढे उभे. मग आत गेले, आणि दोन्ही कोअर स्वतःच्या हाताने बंद करून आले.

मी त्या रेघेवर कापूस भरला, वर जरीची तार बसवली आणि ढग केला. तीन दिवस, बोटांची चाळण. देवळाच्या समितीचे लिआव काका बघायला आले, चष्मा वर करून खाली वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच. म्हणाले, "वहिनी, ढग सुरेख. पण उजवीकडे कुठाय? देवीपुढे सगळं जोडीनं लागतं."

उजवीकडचा ड्रॅगन बिचारा निर्दोष हो! त्याच्यावरही तीन दिवस ढग. पडदा वेळेत गेला, देवीसमोर लागला, लोकांनी ढगांचे फोटो काढले.

आता आमच्याकडे असं आहे. सकाळी कामाला दोन कोअर. दुपारी जेवण झालं की हे गुपचूप चौथा उघडतात, त्यावर पत्ते खेळत बसतात, आणि तो कोसळायची वाट बघतात. काल बाहेर येऊन म्हणाले, आज एक तास चाळीस मिनिटं टिकला. मी सुई बाजूला ठेवली, आणि म्हटलं, सुधारतोय हो.