वरचा गेंडा, खालचा बगळा

विहीण — हा बगळा कोणी काढलाय?

व्याही — आधी बसा तरी, विहीणबाई. जिना चढून आलात, दम लागलाय. पाणी देऊ?

विहीण — पाणी राहू दे. बगळा कोणाचा ते सांगा. बस सुटल्यासारखा धावतोय मेला.

व्याही — मीच काढलाय.

विहीण — तरीच!

व्याही — तरीच म्हणजे?

विहीण — तरीच म्हणजे बगळ्याच्या अंगात गेंडा शिरलाय. जन्मभर तुम्ही गेंडा काढलात, बगळा मी काढला. आता त्याला हात लावायचा तर निदान एक फोन करायचा.

व्याही — केला की फोन. म्हणूनच आलात ना?

विहीण — तो माझ्या लेकीनं केला. 'आई, बाबांचं अडलंय, पण ते तोंडानं म्हणायचे नाहीत. तू आपली सहज आल्यासारखी ये.' म्हणून दोन बस बदलून सहज आलेय.

सून — आई! हे सांगायचं नव्हतं.

विहीण — मग मला सांगायचंच नाहीस. माझ्या पोटात कधी काही राहिलंय?

व्याही — माझं काहीही अडलेलं नाही.

सून — अडलंय, बाबा. आई, नीट ऐक. नव्या मालकांनी उतारावरचे आपले दोन्ही कार्टूनचे स्टुडिओ, वरचा बाबांचा आणि खालचा तुझा, विकत घेतले ते तुला माहीत आहे. वरच्यांचा गेंडा आणि खालच्यांचा बगळा एकाच सिनेमात, ही त्यांचीच आयडिया. सगळा सिनेमा कॉम्प्युटरवर झालाय. फक्त शेवटचा प्रसंग, दोघं लांबवर चालत जातात तो, हातानं काढायचा. त्यासाठी बाबा मालकांशी भांडले, मी इथे नोकरीला म्हणून मध्ये पडले, तेव्हा कुठे मिळाला. आज संध्याकाळी द्यायचाय. नाही दिला तर तोही कॉम्प्युटरवर होणार. खालच्या मजल्यावर मुलं तयार बसलीत.

विहीण — आणि ही खोली?

सून — ही मग मीटिंगची खोली. मापं घेऊन गेलेत.

विहीण — म्हणजे हातानं काढलेलं हे शेवटचं.

व्याही — शेवटचं. आमचंही आणि तुमचंही. तेव्हा उगाच नाक मुरडू नका. बगळा चालतोय ना? झालं तर.

विहीण — चालत नाहीय, पळतोय! माझा बगळा कधी पळाला नाही. त्या वणव्याच्या सिनेमात अख्खं रान पळालं, तरी हा आपला चालत बाहेर आला. पाय उचलायचा, तसाच धरायचा, पाण्याकडे बघायचं, पटलं तर टाकायचा. लोक त्यालाच तर हसायचे.

व्याही — आठवतंय.

विहीण — आठवणारच. पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला आला होतात. शेवटच्या रांगेत, मफलर गुंडाळून.

व्याही — मला सर्दी झाली होती.

विहीण — आमच्या प्रत्येक सिनेमाला सर्दी?

सून — खरंच, बाबा?

व्याही — आणि तुझी आई काळा चष्मा लावून आमच्या सिनेमाला यायची ते? अंधारात! एकदा पायरी दिसली नाही, पडली. उचलायला आमचाच दारवान धावला.

विहीण — त्यानं ओळखलं होतं मला. पण बोलला नाही बिचारा. उलट मध्यंतरात चांगली खुर्ची दिली.

सून — पण एवढं नाटक कशाला? सरळ तिकीट काढून बघायचं.

विहीण — तुला नाही कळायचं ते. अगं, तो उताराचा रस्ता, वर त्यांचा स्टुडिओ, खाली आमचा, आणि मध्ये ते कॉफीचं हॉटेल. खिडकीकडची टेबलं वरच्यांची, भिंतीकडची खालच्यांची. चुकून कोणी पलीकडे बसलं की कॉफी यायच्या आत बातमी, ह्याची तिकडे नोकरी पक्की झाली.

व्याही — साखरेचीसुद्धा पंचाईत. हॉटेलात भांडं एकच. ते तुमच्याकडे अडकलं की आम्ही कडूच प्यायचो.

विहीण — आम्ही मुद्दाम अडकवायचो.

व्याही — मला माहीत होतं! मी तेव्हाच म्हणालो होतो सगळ्यांना.

विहीण — मग उठून मागायचं होतं.

व्याही — खालच्यांकडे?

विहीण — हे बघ. अजून मान ताठ आहे. पण काय दिवस होते हो! तुमचा गेंडा पडद्यावर चालायला लागला की मला खुर्ची हादरल्यासारखी वाटायची. घरी येऊन रागानं जेवायची नाही. आणि सकाळी सगळ्यांच्या आधी टेबलावर हजर. तुम्ही नसतात तर माझा बगळा एवढा चांगला झालाच नसता. सांगून टाकते एकदाचं.

व्याही — हं.

विहीण — हं काय? तुम्हीही काहीतरी म्हणा की.

व्याही — बगळा बरा होता.

विहीण — ऐकलंस ना गं? जन्मभर राबले त्याचं हे फळ. 'बरा होता.'

सून — यांच्या तोंडून 'बरा' म्हणजे खूप झालं, आई. माझ्या लग्नात ते मलाही 'बरी दिसतेस'च म्हणाले होते. पण मला एक सांगा. एवढं छान चाललं होतं तर दोघांनी हाताचं काम बंद का केलं? मी इथे नोकरीला लागले तेव्हा चित्रं काढायची टेबलं भंगारात निघाली होती.

व्याही — आम्ही बंद केलं कारण खालच्यांनी बंद केलं.

विहीण — काय? आम्ही कुठे? पहिलं तुम्ही बंद केलंत!

व्याही — विहीणबाई, तुमच्या फाटकात कॉम्प्युटरची खोकी उतरली ती आमच्या साहेबांनी स्वतः खिडकीतून पाहिली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. महिन्याभरात आमची टेबलं गेली.

विहीण — खोकी आणली, कारण तुम्ही कागद घेणं बंद केलं होतंत! कागदवाला दोघांकडे एकच. तो आला आणि आमच्या साहेबांना म्हणाला, वरच्यांनी या खेपेला कागदच घेतला नाही, एक गठ्ठासुद्धा नाही. साहेब पांढरेफटक. म्हणाले, ते कॉम्प्युटरवर गेले, आपण मागे राहिलो. तुमच्या आधी पोचायचं म्हणून ती खोकी मागवली.

व्याही — कागद घेतला नाही हे खरं.

विहीण — बघा!

व्याही — ठेवायला जागा नव्हती. कोठीत पाण्याचा पाइप फुटला, भिंत ओली झाली. आधीचाच कागद फुगून पुठ्ठा झाला होता. म्हटलं, भिंत वाळू दे, मग मागवू.

विहीण — भिंत वाळू दे?

व्याही — हो.

विहीण — अहो, भिंत वाळू दे?

व्याही — मला काय ठाऊक तुम्ही कागदवाल्याच्या तोंडाकडे बघून कंपनी चालवता!

विहीण — आणि तुम्ही खिडकीतून बघून! एका पाइपापायी दोन्हीकडची माणसं घरी बसली? आमची रंगवाली, तुमचा तो ढगवाला, जो नुसते ढग काढायचा... हसू येतंय हो मला. हसू येतंय आणि रडूही येतंय, काय करू सांगा.

सून — आई, बस ना जरा.

विहीण — आणि त्यानंतर तर काय, नुसती एकमेकांची नक्कल. तुम्ही बडबडं घुबड आणलंत, आम्ही बडबडं कासव आणलं.

व्याही — कासव फार वाईट होतं.

विहीण — घुबडाहून बरं होतं! दोन्ही सिनेमे पडले म्हणा. लोकांना कळेना कुठला सिनेमा कोणाचा. मग काय, विकत घ्यायला आलेल्याला दोन्ही स्टुडिओ एकाच पिशवीत मिळाले.

सून — एक मिनिट. पण हे सगळं झालं तेव्हा माझं लग्न झालं होतं. तुम्ही दर रविवारी एका टेबलावर जेवत होतात. एकानंही विचारलं नाही, काय हो, कागद बंद केलात का?

व्याही — विचारायचं नाही असं ठरलं होतं.

सून — कोणी ठरवलं?

विहीण — तूच की. लग्नाच्या बोलणीला आम्ही पहिल्यांदा समोरासमोर बसलो आणि गेंड्याच्या शेपटीवरून जुंपली. तू टेबलावर हात आपटून म्हणालीस, यापुढे घरात स्टुडिओचं नाव काढायचं नाही.

सून — म्हणून तुम्ही खरंच नाही काढलंत?

व्याही — शब्द दिला होता तुला.

विहीण — मला दोनदा तोंडावर आलं होतं विचारायचं. मग यांच्या गुडघ्यांवर बोलले. यांच्या गुडघ्यांबद्दल मला सगळं माहीत आहे.

सून — अरे देवा.

विहीण — तू कशाला तोंड पाडतेस? घरात भांडण नव्हतं, सुखानं जेवलो, ते काय कमी आहे? द्या ती चित्रांची चळत इकडे, गेंडा तरी बघू.

(ती कागद बोटांत धरून सरसर सोडते. थांबते. पुन्हा पहिल्यापासून, या वेळी हळू.)

विहीण — व्याहीबुवा, गेंड्याची पाठ.

व्याही — काय झालं पाठीला?

विहीण — रेघ थरथरतेय.

व्याही — म्हातारा दाखवलाय.

विहीण — म्हाताऱ्याची पाठ वाकते. थरथरत नाही. हात बघू.

व्याही — हिच्यासमोर नको.

सून — बाबा, मी एकाच घरात राहते ना तुमच्याबरोबर? कप तुम्ही दोन्ही हातांनी धरता. सही करायची असली की नंतर करतो म्हणता. मला माहीत आहे. म्हणूनच तर आईला फोन केला.

व्याही — ऑफिसात कोणाला बोललीस?

सून — कोणालाही नाही.

व्याही — बोलू नकोस. कळलं तर आत्ता, या क्षणी काढून घेतील. आणि मला हा एवढा प्रसंग हातानं व्हायला हवाय. बाकी काही मागत नाही मी कोणाकडे.

विहीण — मग बगळा असा पळवलात का? तुम्हाला कळत नव्हतं असं म्हणू नका.

व्याही — कळत होतं. पाय उचलून तसाच धरायचा म्हणजे रेघ सावकाश ओढावी लागते. सावकाश ओढली की हात हलतो. भसकन ओढली तर कमी दिसतं. म्हणून पळवला.

विहीण — अहो, मग एका शब्दानं सांगायचं.

व्याही — काय सांगणार? आता वरच्यांकडे हातच उरला नाही म्हणून?

विहीण — हो. असंच सांगायचं. मी काय हसले असते?

व्याही — हसला असतात.

विहीण — थोडंसं. मग आले असते. बरं, बगळा मी काढते. संध्याकाळपर्यंत होईल, थोडीच चित्रं आहेत. पण माझा बगळा चालला तर मागे पडणार. तुमच्या गेंड्याला थांबावं लागेल.

व्याही — गेंडा थांबत नाही.

विहीण — का?

व्याही — इतक्या सिनेमांत कधी थांबला नाही. थांबला की पडद्यावर त्याचं वजन जातं, पोकळ वाटतो. आमच्या साहेबांचा तसा हुकूमच होता.

विहीण — साहेब गेले, स्टुडिओ गेला, हुकूम तेवढा राहिलाय! नाही तर मग पळवत न्या माझ्या बगळ्याला. शेवटचं म्हणून लोक बघतील आणि म्हणतील, हा कोण, हा तर आपला नव्हे.

सून — बाबा, थांबू दे ना गेंड्याला.

व्याही — मला नाही जमायचं. चालता गेंडा अजून जमतो कसाबसा, अंगात भिनलाय. थांबलेला मी कधी काढलाच नाही. आणि आता या हातानं नवीन काही शिकायचं म्हणजे...

विहीण — मी काढते.

व्याही — तुम्ही? माझा गेंडा?

विहीण — का, खालच्यांचा हात लागला तर बारीक होईल?

व्याही — त्याचा खांदा येणार नाही तुम्हाला.

विहीण — खांदा मी काळ्या चष्म्यातून पाठ केलाय. उठा. खुर्ची द्या ती.

व्याही — उंच आहे तुम्हाला. थांबा, खाली घेतो. हं, बसा. काचेखालचा दिवा डावीकडून लागतो.

विहीण — लागला. पुढचा पाय टेकवला. आता?

व्याही — आता वजन मागच्या पायांवर येऊ द्या. एकदम नको. पाय आधी थांबतात, पोट मागून थांबतं.

विहीण — असं?

व्याही — अजून जरा. कातडीची घडी पुढे येऊ द्या. हं. असं. असंच.

विहीण — वजन गेलं का?

व्याही — नाही गेलं.

सून — बाबा, खालून फोन येतोय. आटोपलं का विचारतायत. काय सांगू?

व्याही — सांग, होतंय. दोघं बसलोय.

विहीण — मान मागे वळवू का त्याची?

व्याही — वळवा.

विहीण — किती?

व्याही — बगळा नीट दिसेल एवढी.