मध्यंतरानंतरचं नाटक

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून बसवलेल्या शिंपीणबाईंना अर्धा तास डोळे मिटून राहायचं होतं. कान मात्र टक्क उघडे होते. शेजारच्या बाकावर एक आई आणि तिची लेक बसली होती.

“आई, ऑपरेशनला शनिवारची तारीख मिळाली आहे.”

“शनिवारचं माझं नाटकाचं तिकीट आहे. सोमवारची घे.”

“तुला स्टेजवरचं धड दिसतं तरी का? कोण मेलं, कोण जगलं, काही कळतं?”

“आत्ता कुठे कळायला लागलंय. तीस वर्षं तुझे बाबा मला मध्यंतरातच उठवायचे. ‘शेवट आला लक्षात, चल, उगाच गर्दीत अडकू,’ म्हणायचे. मग स्कूटर चालवता चालवता उरलेलं नाटक मला सांगायचे.”

“बरोबरच सांगत असतील की.”

“त्या वकिलाच्या नाटकात बायको शेवटी नवऱ्याकडे परत येते, असं सांगितलं होतं. मी बापडी खरं मानून बसले. परवा तेच नाटक पुन्हा लागलं, तर एकटी गेले आणि पडदा पडेपर्यंत हलले नाही. ती परत येत नाही गं. जाते ती जातेच.”

कंपाउंडरने शिंपीणबाईंना आत बोलावलं. “जरा थांबा हो,” त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

“बाबांना सांगितलंस?”

“दारातच विचारलं त्यांनी, शेवटी काय झालं म्हणून.”

“मग?”

“मध्यंतरापर्यंत सगळं सांगितलं. पुढचं म्हटलं, तुमच्या लक्षात आलंच असेल.”