डिस्चार्जच्या कागदावरची खूण

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाच्या अधीक्षक मॅडम. व्यासपीठावरचे ज्येष्ठ शल्यचिकित्सक आणि मेट्रन. एकतीस वर्षांच्या सेवेनंतर आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सत्कारमूर्ती, आहारतज्ज्ञ बाई. त्यांचे यजमान आणि लेक. परिचारिका भगिनी, स्वयंपाकघरातले सगळे सहकारी. आणि चहा येताच निसटता यावं म्हणून दाराशी बसलेल्या माझ्या तरुण डॉक्टर मित्रहो,

निवेदकांनी माझी ओळख 'मेडिसिन विभागाचे मितभाषी प्रमुख' अशी करून दिली. आभारी आहे. पण ज्याच्या पोटात काही दडलेलं असतं, तो मितभाषी होतोच. आज मी नेहमीपेक्षा थोडं जास्त बोलणार आहे.

तिसऱ्या रांगेत माझी थोरली बहीण बसली आहे. ती मला खुणेने सांगतेय, आवाज वाढव. ताई, थांब जरा. थोड्या वेळाने तूच म्हणशील, कमी कर.

बाई इथे रुजू झाल्या तेव्हा मी नवखा डॉक्टर होतो, आणि नवख्या डॉक्टरला असते तेवढी सगळी अक्कल माझ्याकडे होती. बाई प्रत्येक पेशंटला सांगायच्या, येताना घरची वाटी आणि घरचा चमचा घेऊन या. का? तर 'एक चमचा तेल' म्हटलं की एका घरी तो चहाचा असतो आणि दुसऱ्या घरी वाढायचा. त्या चमचा हातात घेऊन बघायच्या, मग आकडा लिहायच्या. मी त्यांचं नाव ठेवलं 'चमचेबाई'. अख्ख्या रुग्णालयात ते नाव चाललं. कुणी ठेवलं हे आजवर कुणी विचारलं नाही, म्हणून आज सांगून टाकतो.

त्यांच्या बिल्ल्यावर नावाखाली नोंदणी क्रमांक असायचा. मी एकदा कँटीनमध्ये सगळ्यांदेखत विचारलं, "बाई, भाजी किती खावी हे सांगायला नोंदणी कशाला हो लागते? माझी शेजारीण फुकट सांगते." सगळे हसले. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "तिचं चुकलं तर तुम्ही कुणाला विचारणार, डॉक्टर? माझं चुकलं तर मला विचारता येतं. क्रमांक त्यासाठी आहे." मला वाटलं, बाईंनी बरा टोला लगावला. त्यातलं खरं कळायला मला पंचवीस वर्षं आणि सख्खी बहीण लागली.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. ताईची मूत्रपिंडं कमजोर झाली होती. आठवडाभर माझ्याच विभागात होती. शनिवारी दुपारी तिला घरी सोडायचं ठरलं. आपल्या डिस्चार्जच्या कागदावर शेवटून दुसरी चौकट आहे, 'आहारतज्ज्ञांची भेट झाली'. बाई दुसऱ्या वॉर्डात होत्या, तासाभरात येते म्हणाल्या होत्या. ताई पिशवी भरून पलंगावर बसलेली. कारकून म्हणाला, "डॉक्टर, ती चौकट रिकामी असली तर कागद पुढे जात नाही." मी म्हणालो, "माझ्या बहिणीला काय खायचं ते मी सांगणार नाही तर कोण सांगणार?" आणि त्या चौकटीत मी स्वतः बरोबरची खूण केली.

मग ताईला सल्ला दिला. सबंध सल्ला ऐका, दोनच शब्दांचा आहे : मीठ कमी.

ताईने लहानपणापासून माझं कधी ऐकलं नव्हतं. नेमकं तेव्हा ऐकलं. कुणीतरी सुचवलं म्हणून तिने दुकानातून कमी सोडियमचं मीठ आणलं. पुडक्यावर हृदयाचं चित्र होतं. त्या मिठात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं, आणि कमजोर मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही. रक्तात साठतं, मग हृदयाचा ठोका मंदावतो. हे मला माहीत नव्हतं का? परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते मी. पण घरातल्या मिठाच्या डब्यात काय आहे, हे विचारायचं मला सुचलं नाही.

नवव्या दिवशी ताईला उचलून आणावं लागलं. पाय हलत नव्हते, नाडी अडतीस. आम्ही औषधं दिली, पोटॅशियम उतरलं. दोन दिवसांनी पुन्हा चढलं. पुन्हा उतरवलं, पुन्हा चढलं. तीन डॉक्टर डोकं धरून बसलो होतो. तेव्हा बाई ताईचं जेवणाचं रिकामं ताट हातात घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, आपल्या स्वयंपाकघराची अळणी भाजी कुणी एवढी चाटूनपुसून खात नाही. मी जरा ताईंशी बोलते." त्यांनी ताईच्या उशाशी बसून एवढंच विचारलं, "ताई, वरून काय घालता?" ताईने लाजत उशीखालून एक डबी काढून दिली. 'भावाने सांगितलंय ना,' म्हणाली, 'म्हणून चांगलंच मीठ घालते.'

ताई आज आपल्यात बसली आहे ती त्या प्रश्नामुळे. माझ्या औषधांमुळे नव्हे.

इथे थांबलो असतो तर भाषण गोड झालं असतं, नाही का? पुढचं सांगायची मला लाज वाटते.

अधीक्षक मॅडम, तुम्ही तेव्हा इथे नव्हतात. चौकशी बसली. पेशंटला घरी सोडताना आहाराचा सल्ला नीट का दिला गेला नाही? कागदावर खूण होती, म्हणजे बाईंची भेट झाली होती. बाई म्हणाल्या, "मी यांना भेटलेच नव्हते. मी खूण करत नाही, सही करते आणि खाली क्रमांक लिहिते. बघा ना." समितीत आम्ही तिघे होतो. होय, मीही होतो. कुणी तरी म्हणालं, पेशंटलाच विचारू. मी म्हणालो, त्या आजारी आहेत, त्यांना त्रास नको. आणि मग सर्वांत मोठेपणाने मीच म्हणालो, "बाई अनुभवी आहेत. घाईत सही राहिली असेल. समज द्या आणि सोडून द्या."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी समोरच्या कागदांची टोकं जुळवत बसलो.

ती लेखी समज आजही त्यांच्या फाइलमध्ये आहे. त्याच महिन्यात बाईंचा एक प्रस्ताव आला होता : मूत्रपिंड, मधुमेह, हृदय, यांपैकी एकही पेशंट आहारतज्ज्ञांच्या सहीशिवाय घरी जाऊ नये. तो फेटाळला गेला. कारण लिहिलं, प्रस्तावकांच्याच कामात त्रुटी आढळल्या. त्यानंतर सहा वर्षं किती पेशंट 'मीठ कमी' एवढं ऐकून घरी गेले आणि त्यांच्या डब्यात काय होतं, मला माहीत नाही. ते विचारणारं माणूस आपल्याकडे होतं आणि मी त्याचं तोंड बंद केलं होतं.

ताई, तुलाही हे आत्ताच कळतंय. घरी जाऊन काय बोलायचं ते बोल. बाईंनी तुला सांगितलं नाही, आणि ते मला वाचवण्यासाठी नव्हतं. तुझा तुझ्या डॉक्टरवरचा विश्वास उडू नये, एवढंच त्यांनी पाहिलं. एका परिचारिकेकडून मला हे नंतर कळलं, आणि तरीही मी गप्प बसलो.

अध्यक्ष महोदया, ती खूण माझी होती, असं मी सकाळी तुमच्या टेबलावर सहीनिशी लिहून ठेवलं आहे. त्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी. बाईंची समज रद्द करावी, आणि त्यांचा प्रस्ताव त्यांच्याच नावाने पुन्हा चर्चेला घ्यावा, ही विनंती. बाई, कृपा करून उठू नका, मला संपवू द्या. तुम्ही 'जाऊ द्या हो, डॉक्टर' म्हणालात तर मला पुढे बोलता यायचं नाही.

आयोजकांनी मला बोलायची संधी दिली, सभागृहाने शांतपणे ऐकलं, दाराशी बसलेलं कुणी निसटलं नाही, याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर तेवढं सभागृहाने पोटात घालावं. बाकीचं बाईंनी सहा वर्षं पोटात घातलं आहे. बाई, आता नका घालू.