संदीपचा मोठा स्क्रीन

आपला संदीप, रत्नागिरीत घरूनच ऑफिसचं काम करतो ना, त्याचं ऐकलंत का? डोळे दुखतात म्हणून त्याने हॉलमधला पंचावन्न इंची ओएलईडी टीव्हीच कॉम्प्युटरला जोडला. एकेक अक्षर बोटाएवढं दिसायचं.

एका दुपारी मी त्याच्याकडे बसलो होतो. मागे त्याची आई फणसाच्या आठळ्या सोलत होती. बोलता बोलता संदीपने मुंबईच्या बहिणीला मेसेज लिहिला, ‘आईला आता तुझ्याकडे ने. मला नाही झेपत.’

मागून आवाज आला, “कधी जायचं मी?”

संदीपने गडबडीत टीव्हीच बंद केला. “आई, तुझा चष्मा तर आत आहे!”

“एवढ्या मोठ्या अक्षरांना चष्मा कशाला लागतोय?”

दुसऱ्या दिवशी संदीपची आई, म्हणजे आमच्या काकू, हेदवीला आपल्या भावाकडे निघून गेल्या. संदीप आणायला गेला तेव्हा मीही सोबत होतो. त्याने पाय धरले, रडला. काकूंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

“रागावले नाही रे मी. पण आता तू टाइप करायला बसलास, की मला वाटत राहणार, माझ्याबद्दलच लिहितोयस.”