भिंतीपलीकडचा खर्ज

मिस्त्री : हा सगळा फोम उपटून काढावा लागेल.

संगीतकार : उपटून? अहो, गेल्याच वर्षी लावून घेतलाय. खास मागवलेला. भिंतीचा एक इंच तरी दिसतोय का बघा.

मिस्त्री : दिसत नाही, पण ऐकू जातं. फोमने खोलीतला घुमारा मरतो. बाहेर जाणारा आवाज फोमला विचारत नाही. त्यात बारीक आवाज एक वेळ अडेल. खर्ज अडत नाही. खर्ज भिंतीतून जात नाही, अख्खी भिंतच हलवतो. भिंत हलली की पलीकडची हवा हलली. संपलं.

संगीतकार : मग उपाय काय?

मिस्त्री : वजन आणि फट. या भिंतीला न टेकणारी दुसरी भिंत. मध्ये चार बोटं हवा, त्यात रॉकवूल, म्हणजे दगडी लोकर. सांगाडा रबरावर उभा, म्हणजे जमिनीतून धक्का जायला नको. वर जिप्समचे दोन थर, आणि छत, जमीन, सगळं तसंच. खोलीत खोली. तुमची जागा चहूबाजूंनी वीतभर कमी होणार.

संगीतकार : वीतभर? मग माझं सामान कुठे... एक मिनिट. तुम्ही आत्ता खर्ज म्हणालात?

मिस्त्री : मग काय म्हणू?

संगीतकार : तुमच्या धंद्यातले सगळे बेस म्हणतात. खर्ज म्हणणारा मला एकच माणूस... जरा तो मास्क काढता का?

मिस्त्री : धूळ आहे.

संगीतकार : खर्ज्या? अरे, खर्ज्या ना तू?

मिस्त्री : ओळखलंस म्हणायचं.

संगीतकार : काय ही दाढी! आणि अर्धा तास झाला, मला अहो-जाहो करतोयस? कंपनीने तुला पाठवलं, तुला माहीत होतं माझं घर आहे म्हणून?

मिस्त्री : कामाच्या कागदावर नाव होतं. तुझं नाव कुठेही ठळकच असतं.

संगीतकार : चौदा वर्षं झाली रे. बस ना. चहा टाकतो.

मिस्त्री : चहा नको. शेजारी कोण राहतं ते सांग. भिंत पलीकडून ऐकल्याशिवाय मी माप लिहीत नाही.

संगीतकार : एक बाई आहेत, हॉस्पिटलात नर्स. कायम रात्रपाळी, म्हणजे झोपणार दिवसा. आणि मी काम करणार दिवसा. दोनदा इमारतीच्या कमिटीकडे तक्रार केली त्यांनी. आता नोटीस आलीय, महिनाअखेरपर्यंत आवाज बंद करा नाहीतर खोली बंद करा. आणि नेमकं आत्ताच माझं मोठं काम चालू आहे.

मिस्त्री : कसलं?

संगीतकार : आपलं... ते जुनंच गाणं. रेकॉर्ड कंपनीला नव्याने काढायचंय. पंधरावं वर्ष लागतंय ना.

मिस्त्री : असं. मग तेच लाव. मी पलीकडे जातो, फोन चालू ठेव. आवाज रोज ठेवतोस तेवढाच ठेव, माझ्यासाठी कमी करू नकोस.

(मिस्त्री शेजारणीच्या झोपायच्या खोलीत. हातात फोन, फोनवर पलीकडे संगीतकार.)

शेजारीण : या, या. चपला राहू द्या. तुम्ही आलात, आता माझ्या जिवात जीव येईल. हे बघा, हा पलंग. उशी भिंतीकडे केली तर डोकं हलतं, पाय भिंतीकडे केले तर पाय हलतात. मधोमध आडवी झोपून पाहिलं, तर कपाटातली भांडी वाजतात. माणसाने करायचं काय?

मिस्त्री : ताई, दोन मिनिटं शांत राहाल? ऐकायचंय.

शेजारीण : मी बोलतच नाहीये. ऐका.

मिस्त्री : हां, लाव रे.

संगीतकार : लावलंय. येतंय का?

मिस्त्री : येतंय. कान लावायची गरज नाही. पंजा ठेवला भिंतीवर तरी कळतंय.

शेजारीण : सांगितलं नव्हतं? आणि गंमत बघा, गाणं कुठलं आहे ते मला अजून माहीत नाही. शब्द नाही, सूर नाही, काही पोचत नाही इकडे. नुसतं हे खालचं येतं. धूम, धूम-धूम, धूम. दोन महिने! तोंडपाठ झालंय. परवा ड्युटीवर पेशंटला इंजेक्शन देताना हेच गुणगुणत होते मी, स्वतःचाच राग आला.

संगीतकार : खर्ज्या, पुढे जाऊ देऊ की बंद करू?

मिस्त्री : चालू ठेव.

शेजारीण : आणि आता बघा हं, आता येईल. ती एक जागा आहे. धूम, धूम-धूम... आणि इथे अडखळतो. ऐकलंत? जरासा मागे पडतो आणि मग धावत येऊन गाठतो. दरवेळी. झोप लागत आली तरी मी त्या जागेसाठी जागी राहते, मेलं. मध्ये आठवडाभर ते अडखळणं बंद झालं होतं. सगळं कसं शिस्तीत. तेव्हा तर मला आणखीच झोप येईना, सांगा!

मिस्त्री : आठवडाभर बंद झालं होतं?

शेजारीण : हो. मग परत सुरू. काय झालं? भिंतीला तडा आहे का? तुमचा चेहरा असा का झालाय?

मिस्त्री : भिंत ठीक आहे. परत एकदा लाव रे. पहिल्यापासून.

संगीतकार : परत? कशाला? कळलं ना किती जातंय ते.

मिस्त्री : लाव म्हटलं ना.

शेजारीण : पाणी देऊ का तुम्हाला? बसा हो पलंगावर, संकोच कसला.

मिस्त्री : नको, ताई. ऐकलं. झालं माझं. तिकडे जाऊन सांगतो त्यांना.

शेजारीण : त्यांना हेही सांगा, की मी काही गाण्याची वैरी नाही. फक्त जो कोणी हे खालचं वाजवतो ना, त्याला मी रोज दुपारी शिव्या घालते. आणि मग वाट बघते त्याची. असं काहीतरी झालंय माझं.

मिस्त्री : सांगतो.

संगीतकार : आलास? काय म्हणतेय भिंत?

मिस्त्री : कीबोर्डवर वाजवला होतास ना तू खर्ज?

संगीतकार : काय?

मिस्त्री : रेकॉर्डिंगच्या दिवशी माझा बाप हॉस्पिटलात होता. मी फोन केला. तू म्हणालास, काळजी करू नकोस, आम्ही थांबतो. दुसऱ्या दिवशी आलो तर गाणं झालेलं. म्हणालास, स्टुडिओ पुन्हा मिळत नव्हता, खर्ज मीच कीबोर्डवर वाजवून टाकला. आठवतंय?

संगीतकार : आठवतंय. मग?

मिस्त्री : चौदा वर्षं मी ते धरून बसलो. वाटायचं, चाल माझी होती, पण हात तरी याचा आहे. रेडिओवर लागलं, दुकानात लागलं, कधी कळलं नाही. छोट्या स्पीकरमध्ये खर्ज येतच नाही, आणि मोठ्यावर तू वरून दहा वाद्यं ओतलीस. आज भिंतीने ती सगळी काढून ठेवली. राहिलं ते एकटं ऐकलं मी. तिसऱ्या फेरीत हात मागे पडतो.

संगीतकार : ते मी मुद्दाम...

मिस्त्री : सरावाच्या शेवटच्या दिवशी माझ्या करंगळीला पट्टी होती. टेबलाच्या पत्र्याने कापली होती. खर्जाच्या गिटारवर त्या उडीला बोट पोचायला उशीर व्हायचा. त्या एका दिवसापुरताच. तू सरावाची टेप चालू ठेवली होतीस. ती तू तशीच गाण्यात घातलीस.

संगीतकार : खर्ज्या, बस आधी. हे बघ, तेव्हा आपण सगळीच पोरं होतो. कंपनी डोक्यावर बसलेली. मी खरंच वाजवून पाहिलं रे, नाही जमलं. तुझी टेप होती, घातली. एका रात्रीपुरतं म्हणून घातली.

मिस्त्री : आणि सांगितलंस काय सगळीकडे? की मी ऐन वेळी दांडी मारतो. त्या वर्षी पाच ठिकाणी गेलो मी. पाचही ठिकाणी दारातच म्हणाले, तुमच्याबद्दल ऐकलंय. सहाव्या ठिकाणी बाजा घेऊन गेलोच नाही. विकला होता.

संगीतकार : तसं नव्हतं सांगितलं. लोक वाढवून बोलतात. तू का आला नाहीस एवढंच विचारलं कुणी तर...

मिस्त्री : तर बाप हॉस्पिटलात होता एवढं चार शब्दांत सांगता आलं असतं.

संगीतकार : चुकलं. झालं समाधान? चुकलं माझं. आणि देवाने शिक्षा केली म्हण हवं तर. दोन महिने या खोलीत मी काय करतोय माहीत आहे? ती टेप जुनी झालीय, खरखरते. म्हणून तीन जणांना आणलं नव्याने वाजवायला. चांगले, नावाजलेले. तिघांनी अगदी बरोबर वाजवलं. आणि गाणं मेलं. शेवटी परत तुझीच टेप लावली.

मिस्त्री : ठाऊक आहे. आठवडाभर लावली नव्हतीस.

संगीतकार : तुला कसं माहीत?

मिस्त्री : पलीकडे राहतात त्यांनी सांगितलं.

संगीतकार : ऐक. या वेळी तुझं नाव टाकतो. नुसतं बारीक अक्षरात नाही, माझ्या बरोबरीने. कंपनीशी मी बोलतो. आईची शपथ. आणि तू वाजव ना! तूच वाजव. बाजा मी देतो.

मिस्त्री : हा हात बघितलास? चौदा वर्षं करवत आणि ड्रिल. सकाळी मूठ मिटायला गरम पाण्यात धरावा लागतो.

संगीतकार : मग टेपच ठेवू. पण नाव तुझं. बोल, आता तरी?

मिस्त्री : खरंच टाकशील?

संगीतकार : अरे, शपथ घेतली ना. चौदा वर्षं मलाही झोप... बेल वाजली. थांब हं. या ना, या.

शेजारीण : आत नाही येत, ह्यांची मापाची टेप राहिली पलंगावर. घ्या. मग? कधी सुटका माझी?

संगीतकार : लवकरच हो. हे आमचे मिस्त्री फार हुशार आहेत. तुम्हाला एवढा त्रास झाला, मला अगदी ओशाळल्यासारखं झालंय.

शेजारीण : त्रास झाला तो झाला. पण जाता जाता एक सांगा, डोक्यातून जात नाही माझ्या. ते खालचं वाजवतं कोण?

संगीतकार : खालचं?

शेजारीण : धूम-धूम हो. ज्याने माझी दुपार खाल्ली, त्याचं तोंड तरी बघू दे. की ते मशीनच वाजवतं?

संगीतकार : नाही, नाही, मशीन कसलं. ते... ते मीच वाजवलंय. जुनं आहे.

शेजारीण : तुम्ही? अय्या. मला उगाच वाटत होतं दुसरंच कोणी असेल. बरं वाजवता हो. शिव्या घातल्या तेवढ्या माफ करा.

संगीतकार : छे, छे, त्यात काय. खर्ज्या... म्हणजे, मिस्त्री, तुम्ही काही म्हणत होतात ना कामाचं?

मिस्त्री : हो. सोमवारपासून सुरू करतो, ताई. चार दिवस ठोकाठोकी होईल, तेवढी सोसा. शुक्रवारी दुपारी निवांत झोपा.