डोक्यावरची रेघ

आमचं मूळ धुळ्याकडचं, पण मी जन्मलो बडोद्यातच, वडील रेल्वेत खलाशी होते, आणि मी शाळेत कशातच चाललो नाही म्हणून वडिलांनी मला सयाजीगंजमधल्या एका पेंटरच्या हाताखाली बसवलं, बोर्ड रंगवायला. गुजराती, हिंदी, मराठी, इंग्रजी, सगळी अक्षरं येतात मला. आणि त्या दुकानातच मी प्यायला शिकलो, कारण तिथं सगळे म्हणायचे, सकाळी थोडी घेतली की हात ठरतो. ठरतो काय ठरतो! वीस वर्षं मी ते वेड्यासारखं खरं मानलं.

काय सांगू तुम्हाला, आपल्या गुजरातमध्ये दारूबंदी, आणि पोटली म्हणजे ती प्लास्टिकच्या पिशवीतली देशी, घरपोच. आमचा चिमण लुनावरून यायचा, दुधवाल्याच्या आधी. त्यात अजून एक गंमत ऐका, दारू पिऊ नका अशी सरकारी घोषणा गावोगावच्या भिंतींवर मीच रंगवलेली आहे, पार तिकडं करजणपर्यंत, आणि प्रत्येक भिंत पोटली मारून. लोक उभे राहून म्हणायचे, वा, काय सरळ अक्षर! लेकाच्यांनो, जरा जवळ येऊन वास घ्यायचा होता.

सोडली ती बायकोमुळे, पण तुम्हाला वाटतं तसं नाही, ती भांडली नाही, माहेरी गेली नाही. एके सकाळी मी ब्रश धुवत बसलो होतो, हात लटलट कापत होता, आणि हिनं स्टीलच्या ताटलीत पेला ठेवला, शेजारी पोटली, वर कात्री, आणि म्हणाली, घ्या, नाहीतर आज काम व्हायचं नाही. नर्सनं औषध द्यावं तसं. मी तिच्या तोंडाकडे बघितलं तर राग नाही, काही नाही. तिनं मला सोडूनच दिलं होतं मनातून, माझ्याच घरात बसून. मला स्वतःची इतकी किळस आली की काय सांगू. मी ती पोटली कापून मोरीत ओतली.

मग पुढचे चार दिवस विचारू नका. घामानं गादी भिजायची, भिंतीवर मुंग्या दिसायच्या, नसलेल्या. हिनं रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं, त्यांनी गोळ्या दिल्या, म्हणाले, अशी एकदम सोडायची नसते, मरशील, आधी विचारायचं होतं. आणि तो चिमण! रोज दारात. भाई, माझं काही चुकलं का, माल खराब लागला का, एक तशीच ठेवून जातो. जणू माझी सेवाच करायची त्याला. आणि शेजारचे सभ्य लोक, ज्यांच्या माळ्यावर बाटल्या आहेत ते, मला विचारतात, अरे, गुजरातमध्ये दारू मिळतेच कुठे, तू सोडलीस ती काय? थू असल्या सभ्यपणावर.

आता धंद्याची गोष्ट. हात कापायचाच. मग मी एक लबाडी केली, फक्त गुजराती बोर्ड घ्यायला लागलो. गुजराती अक्षराला डोक्यावर रेघ नसते ना, सगळी वळणंच, कंप त्यात खपून जातो. मराठीची ती लांब रेघ मात्र सगळं सांगून टाकते. कुणी मराठी काम आणलं की मी सांगायचो, वेळ नाही.

दारू सोडल्याच्या बाराव्या दिवशी निजामपुऱ्यातून आमच्या गणेश मंडळाचे सेक्रेटरी आले. आठ फुटी बोर्ड, सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ, दरवर्षी माझ्याचकडे असायचा. त्यांनी माझा हात बघितला आणि खिशातून पोटली काढून माझ्या डब्यांशेजारी ठेवली. गणपतीच्या कामाला! म्हणाले, दोन घोट घे बाबा, पण रेघ सरळ काढ, नाहीतर आता कम्प्युटरवर स्टिकर कापून मिळतात, तिकडं जातो. आणि खुर्ची ओढून बसले, तमाशा बघायला. आतल्या दारात ही उभी.

तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू. हे काम गेलं की मराठी कामच गेलं, आणि ती पोटली प्यायलो की ही गेली, कायमची. मी दोरीनं खडूची खूण मारली, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि रेघ ओढली. सार्वजनिक ठीक गेलं. गणेशोत्सवमधल्या ‘त्स’वर हात उडाला, रेघ खाली गेली, बोटभर. सेक्रेटरी हसले. म्हणाले, बघ, सांगत होतो. मी म्हटलं, साहेब, तुमची पोटली उचला, आणि बोर्ड पाहिजे तर असाच न्या. शिव्या देत गेले, संध्याकाळी येऊन घेऊनही गेले, स्टिकरवाल्याला आठ दिवस लागणार होते म्हणून. असले भक्त!

तो बोर्ड अजून लागतो. दरवर्षी म्हणतात, रेघ सुधारून दे. मी देत नाही. माझ्या सगळ्या सरळ रेघा दारूनं काढलेल्या आहेत, ती एक वाकडी मी काढली. आता स्टिकरनं धंदा खाल्ला, जाऊ दे, चालायचंच. तुमचं भलं होवो, इतका वेळ ऐकलंत. ही स्टीलच्या ताटलीत चहा घेऊन आली बघा, घ्या. रोज सकाळी मलाही ती असाच देते. ताटली तीच आहे.